ओसरीचे रंगीत जाजम

घराच्या निरनिराळ्या भागांत ओसरीइतकी अडचणीची जागा दुसरी नसेल. ती धड घरात नसते आणि धड बाहेरही नसते. दुपारच्या उन्हाची तिरीप, पावसाची झड, पायांबरोबर येणारी धूळ आणि सायकलच्या चाकांचा चिखल या सर्वांना प्रथम तिलाच तोंड द्यावे लागते. येथे सतरंजी अंथरली तर ती भिजून कुबट होते. लोकरी गालिचा घालण्याचा विचारही कोणी करणार नाही. आणि काथ्याचे पायपुसणे दारापुरतेच असते. अशा जागेसाठी जाड सुती कापडावर रंगाचे व व्हार्निशाचे थर देऊन तयार केलेले जाजम हा एक जुना, स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. ते घरी तयार करता येते. त्यासाठी लागणारे साहित्य कोणत्याही लहान शहराच्या बाजारात मिळते आणि त्यास विशेष हस्तकौशल्यही लागत नाही. लागतो तो वेळ. आणि हा वेळ नेमका कशासाठी द्यावयाचा हे समजून घेणे, हेच या कामाचे मर्म होय.

हा विषय समजावून घेण्यासाठी जबलपूर शहराच्या पूर्वेकडील खमरिया या वसाहतीचे उदाहरण सोयीचे आहे. येथील दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२-४३ मध्ये उभा राहिला. त्यापूर्वी १९०४ पासून जबलपुरात तोफगाड्यांचा कारखाना होताच. या कारखान्यांत नोकरीसाठी देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. जबलपूरचा मराठी मुलखाशी संबंध त्याहून जुना आहे. १७९८ पासून १८१७ पर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते आणि पुढे १९५६ पर्यंत, नागपूर ज्याची राजधानी होती त्या प्रांतात त्याचा समावेश होता. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील आयुध कारखान्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा खमरियाचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या नव्या सरकारी कंपनीकडे गेला.

सरकारी वसाहतीत राहणाऱ्या माणसाचा घराशी असणारा संबंध वेगळ्या प्रकारचा असतो. आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे तो त्या घरात काढतो, मुलांची लग्ने तेथून करतो. परंतु घर त्याचे नसते. भिंत पाडता येत नाही, फरशी बदलता येत नाही आणि सेवानिवृत्तीनंतर ठराविक मुदतीत किल्ली परत करावी लागते. अशा घराच्या ओसरीवर खर्च करणे कोणासही व्यर्थ वाटते. म्हणून पुष्कळदा ती आयुष्यभर तशीच राहते: भेगाळलेला कोबा आणि त्यावर दोन खुर्च्या. रंगविलेले जाजम ही अडचण एका साध्या युक्तीने सोडविते. ती गुंडाळून बरोबर नेता येणारी फरशी आहे.

पूर्वपीठिका

रंगविलेल्या कापडाने जमीन झाकण्याची पद्धत युरोपात अठराव्या शतकात चांगली रूढ झाली होती. जाड कापड ताणून त्यावर जवसाच्या तेलात कालविलेल्या रंगाचे थर देत आणि संगमरवराची किंवा रंगीत फरशीची नक्षी त्यावर उतरवीत. खऱ्या संगमरवराची ऐपत नसलेल्या घरांत अशी कापडे वापरली जात, तशीच ती श्रीमंतांच्या घरांतही येण्याजाण्याच्या जागी अंथरलेली असत. स्कॉटलंडमधील कर्कॉल्डी या गावी मायकेल नेर्न याने १८४७ मध्ये या कापडाचा मोठा कारखाना काढला. १८६३ मध्ये फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज संशोधकाने जवसाच्या घट्ट झालेल्या तेलापासून लिनोलियम तयार करण्याच्या कृतीचे एकस्व मिळविले आणि हळूहळू हाताने रंगविलेले कापड मागे पडले. लिनोलियम या नावातच जवस व तेल या अर्थांचे दोन लॅटिन शब्द आहेत.

आपल्याकडे जमिनीवर अंथरण्याच्या कापडाची परंपरा स्वतंत्र आहे. ठशांनी छापलेली मोठी सुती जाजमे लग्नकार्यात, पंचायतीच्या बैठकीत व कीर्तनात अंथरली जात. माळव्यापासून राजस्थानपर्यंत छिप्यांचे ते एक प्रमुख काम होते. परंतु या जाजमांत रंग धाग्यात मुरलेला असतो, धाग्यावर बसलेला नसतो. त्यामुळे ती मऊ राहतात, पण पाणी अडवीत नाहीत. पाणी अडविण्यासाठी मेणकापड असे, आणि ते बहुधा सामान झाकण्यास वापरीत. आपणास येथे जे करावयाचे आहे त्यात या दोहोंचा संगम आहे: जाजमाची नक्षी आणि मेणकापडाची पाठ.

जबलपूरचा या व्यवसायाशी एक विलक्षण संबंध आहे. कर्नल स्लीमन यांच्या मोहिमेत पकडल्या गेलेल्या व माफीचे साक्षीदार बनलेल्या ठगांना आणि त्यांच्या मुलांना उद्योगास लावण्यासाठी १८३७ च्या सुमारास येथे एक उद्योगशाळा काढण्यात आली. तेथे तंबू आणि गालिचे तयार होत. रुमालाने गळा आवळणारे हात ताणा व बाणा विणू लागले. जाड कापड आणि जमिनीवरचे अंथरूण या दोन वस्तूंसाठी हे शहर एकेकाळी ओळखले जात होते, ते असे.

कापड

सर्वांत योग्य कापड म्हणजे घट्ट विणीचा सुती कॅनव्हास. तो हातात धरल्यावर पुठ्ठ्यासारखा उभा राहावा, परंतु घडी घातल्यास मोडू नये. उजेडासमोर धरून पाहावा. छिद्रांतून प्रकाशाचे ठिपके दिसत असतील तर तो कापडाचा तुकडा टाळावा, कारण रंग आरपार जाऊन वाया जाईल. याच कारणाने गोणपाट या कामास निरुपयोगी आहे. प्लास्टिकच्या ताडपत्रीवर रंग धरत नाही.

खर्च आणखी कमी करावयाचा असल्यास दोन मार्ग आहेत. रंग उडालेली, परंतु धागे शाबूत असलेली जुनी सुती सतरंजी स्वच्छ धुऊन वापरता येते. मात्र तिच्या जाड विणीत पहिले थर अधिक मुरतात. दुसरा मार्ग म्हणजे जमिनीवर पसरण्याच्या व्हिनाइलच्या उरलेल्या तुकड्याचा. दुकानांत असे तुकडे कमी दरात मिळतात. त्याची पाठ कापडासारखी खरखरीत असेल तर तो उलटा पसरून पाठीवर रंगवावा. तो आकसत नाही आणि त्यास कडा दुमडण्याचीही गरज नसते.

आपण १२० सेंटिमीटर रुंद व १८० सेंटिमीटर लांब असे जाजम गृहीत धरू. सर्व बाजूंनी तीन-तीन सेंटिमीटर दुमडण्यासाठी कापड १२६ × १८६ असावे लागेल. नवा कॅनव्हास धुतल्यावर शेकडा पाचपर्यंत आटू शकतो. म्हणून १३५ × २०० सेंटिमीटरचा तुकडा आणावा. तो रात्रभर पाण्यात भिजवून खळ काढून टाकावी, वाळवावा, उलट बाजूने इस्त्री करावी आणि मगच मापाने कापावा. हा टप्पा गाळल्यास पहिल्या ओल्या थराबरोबर कापड आकसते व कडा लाटांसारख्या वर येतात.

रंग वाळतो म्हणजे काय होते?

रंग वाळणे म्हणजे त्यातील पाणी उडून जाणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. जवसाच्या तेलात कालविलेला रंग वाळतो तेव्हा त्यातून काही उडून जाण्यापेक्षा त्यात बाहेरून काही येते. तेलाचे रेणू हवेतील प्राणवायू शोषून घेतात, एकमेकांस जोडले जातात आणि द्रवाची चिवट पापुद्र्यासारखी घन वस्तू बनते. या क्रियेत उष्णता निर्माण होते. थर पातळ पसरलेला असेल तर ती हवेत निघून जाते. परंतु जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर उष्णता आत कोंडते, वाढत जाते आणि काही तासांत, कोणी काडी न लावता, चिंध्या पेट घेऊ शकतात. स्फोटक द्रव्यांच्या कारखान्यात ज्यांनी आयुष्य घालविले त्यांना अशा आपोआप पेटण्याचे गांभीर्य सांगावे लागत नाही; इतरांनी मात्र हे पक्के लक्षात ठेवावे. अशा चिंध्या उघड्यावर सुट्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

आज भिंतींसाठी वापरले जाणारे इमल्शन निराळ्या प्रकारे वाळते. त्यात राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांजवळ येतात, दाबले जातात आणि एकजीव होऊन सलग पापुद्रा बनतो. हाताला कोरडा लागणारा रंग आतून एकजीव झालेला असेलच असे नाही. स्पर्शाला तो तासाभरात कोरडा लागतो, परंतु पूर्ण कठीण होण्यास दोन ते चार आठवडे लागतात. पुष्कळशी जाजमे बिघडतात ती या दोन अवधींतील फरक न ओळखल्यामुळे. जाड थर दिला तर वरची साय धरते आणि आतला ओलावा कोंडून राहतो. पुढे पाय पडताच ती साय सुटते. म्हणूनच एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ थर देणे श्रेयस्कर होय.

या कामासाठी बाहेरच्या भिंतींचे इमल्शन निवडावे. ते अधिक लवचीक असते आणि बुरशीस बराच प्रतिकार करते. डिस्टेंपर स्वस्त असला तरी तो खडूसारखा ठिसूळ असतो. कापड गुंडाळताच त्यास भेगा पडतात. दरवाजांचा तेलरंग चमकदार दिसतो, परंतु वर्षे जातील तसा तोही ताठर होत जातो. दिवाळीपूर्वी घराला रंग दिल्यावर डब्यात उरलेले इमल्शन या कामास पुरेसे होते. मात्र माळ्यावर पडलेले फार जुने डबे वापरू नयेत. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे याहून कितीतरी अधिक असू शकते. ओसरीवर रांगणारे मूल हाताचे तळवे जमिनीवर टेकते आणि तेच तोंडात घालते. शिसे मुलाच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते व ती हानी भरून येत नाही. डबा वाचविण्यासाठी हा धोका पत्करणे योग्य नव्हे.

ऋतूची निवड

जबलपुरात वर्षाला सरासरी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक मध्य जून ते सप्टेंबर या काळात पडतो. या दिवसांत हवा दमट असल्यामुळे पाणी उडून जाण्यास विलंब लागतो. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा कुंचला फिरण्यापूर्वीच रंगास साय धरते आणि पट्टे उमटतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. इतक्या थंडीत इमल्शनचे कण नीट एकजीव होत नाहीत. उरतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळा संपल्यानंतरचे कोरडे दिवस निवडावेत. काम सावलीत, वारा खेळता असलेल्या जागी करावे.

कृती

खालील प्रमाणे सव्वादोन चौरस मीटर पृष्ठभागासाठी आहेत: प्रायमर एक लिटर, मुख्य रंग अर्धा लिटर, नक्षीचे दोन किंवा तीन रंग प्रत्येकी शंभर मिलिलिटर आणि पाण्यात मिसळणारे पॉलियुरेथेन व्हार्निश पाऊण लिटर. याखेरीज एक रोलर, दोन कुंचले, बारीक सँडपेपर, मास्किंग टेप आणि कापड चिकटविण्याचा पांढरा गोंद लागेल.

कापड खाटेच्या रिकाम्या चौकटीला सुतळीने ताणून बांधावे. चौकट नसल्यास जमिनीवर प्लास्टिक पसरून त्यावर कापड ठेवावे व कडांवर विटा ठेवाव्यात. प्रथम प्रायमरचा एक थर द्यावा. रोलर एकदा लांबीच्या व एकदा रुंदीच्या दिशेने फिरविल्यास रंग विणीच्या सर्व फटींत जातो. दुसऱ्या दिवशी सँडपेपर हलक्या हाताने फिरवून वर आलेले तंतू काढून टाकावेत, ओल्या फडक्याने भुकटी पुसावी व दुसरा थर द्यावा. तो वाळल्यावर कापड उलटून पाठीवरही एक पातळ थर द्यावा. पाठ कोरी राहिल्यास ती जमिनीची ओल शोषून घेते आणि एकाच बाजूला ताण पडून कडा वळतात.

यानंतर कडा दुमडाव्यात. चारही कोपऱ्यांचे टोक तिरपे कापावे, म्हणजे दुमडल्यावर तेथे कापडाचे थर साचत नाहीत. अन्यथा तेच टोक पुढे पायात अडकते. दुमडलेला भाग गोंदाने चिकटवून त्यावर रात्रभर वजन ठेवावे. शिवण घालू नये. सुईच्या प्रत्येक छिद्रातून पाणी आत शिरते. मग मुख्य रंगाचे दोन थर, त्यांत निदान चार तासांचे अंतर ठेवून द्यावेत आणि नक्षी काढण्यापूर्वी एक पूर्ण दिवस थांबावे.

नक्षी

नक्षी काढण्याची कला अवगत नसलेल्यांसाठी चौकटींची रचना उत्तम. सर्व बाजूंनी १५ सेंटिमीटरची किनार सोडली तर मध्ये ९० × १५० सेंटिमीटरचा भाग उरतो. त्यात ३० सेंटिमीटरचे चौरस रुंदीत तीन व लांबीत पाच, असे एकूण पंधरा बसतात. दोन्ही संख्या विषम असल्यामुळे एकाआड एक रंग भरल्यास चारही कोपऱ्यांत एकच रंग येतो व रचना तोललेली दिसते. सरळ रेषेसाठी सुतळी गेरूच्या भुकटीत घोळवून दोन खुणांमध्ये ताणावी आणि मध्यभागी उचलून सोडावी. गवंडी व सुतार अशीच रेघ मारतात. रेषेलगत मास्किंग टेप लावून तिच्या कडेवर आधी तळाच्याच रंगाचा हात फिरवावा व नंतर नवा रंग भरावा. टेपखालच्या फटी तळाच्या रंगानेच बुजतात आणि कड स्वच्छ येते.

रांगोळी काढणाऱ्या घरांत याहून सोपे साधन आहे. ठिपक्यांची रांगोळी ही मुळात मापाचीच पद्धत होय. समान अंतरावर ठिपके देऊन ते जोडले की कोणत्याही पट्टीशिवाय प्रमाणबद्ध आकृती तयार होते. जमिनीवरची रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते. येथे तीच टिकून राहते. खमरियाच्या आसपासच्या प्रदेशात गोंड घरांच्या जमिनीवर व भिंतींवर ढिगना नावाची भौमितिक नक्षी काढतात. जबलपूरच्या पूर्वेस, आजच्या दिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढचे जनगढ सिंह श्याम यांनी १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनात येऊन याच परंपरेतून ठिपक्या-रेघांची नवी चित्रशैली घडविली व ती जगभर पोचविली. अशी चित्रे पाहून डोळा तयार करावा. मात्र कोणा चित्रकाराचे चित्र जसेच्या तसे उतरवू नये.

एक विवेक येथे आवश्यक आहे. रांगोळीत आपण स्वस्तिक, गोपद्मे किंवा लक्ष्मीची पावले काढतो, परंतु त्या रांगोळीवर पाय देत नाही. जाजम हे पायाखाली येण्यासाठीच असते. म्हणून पूजेची चिन्हे टाळून वेली, कोयऱ्या, चौकडी किंवा पाने काढावीत. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना मग त्यावर पाऊल ठेवताना संकोच वाटणार नाही.

व्हार्निश आणि सुरक्षितता

नक्षी वाळल्यावर दोन दिवसांनी व्हार्निशाचा पहिला पातळ थर द्यावा. दररोज एक याप्रमाणे एकूण चार थर द्यावेत. रंगाने जाजमास रूप येते, व्हार्निशाने आयुष्य लाभते. पाय, खुर्चीचे पाय आणि वाळूचे कण व्हार्निशावर घासले जातात, रंगावर नव्हे.

परंतु गुळगुळीत व्हार्निश ओले झाले की निसरडे होते. वयस्कर माणूस ओसरीवर घसरून पडला तर मांडीचे हाड मोडण्याचा प्रसंग येतो आणि पुष्कळांच्या बाबतीत त्यानंतर अंथरूण सुटत नाही. सुंदर वस्तूसाठी ही किंमत कोणीही देऊ नये. यासाठी तिसरा थर ओला असताना त्यावर धुऊन, वाळवून, वस्त्रगाळ केलेली बारीक वाळू चिमटीने विरळ भुरभुरावी. चौथा थर ती पकडून ठेवतो. जाजम सरकू नये म्हणून खाली रबराची जाळी अंथरावी. कडा वर येऊ लागल्यास त्या लगेच चिकटवाव्यात. जिन्याच्या पहिल्या पायरीशी जाजम कधीही घालू नये.

शेवटचा थर दिल्यानंतर एक आठवडा त्यावर चालू नये आणि तीन आठवडे खुर्च्या ठेवू नयेत. हा अवधी कष्टाचा नसला तरी सर्वांत कठीण असतो. घरातील मंडळींना वस्तू तयार झालेली दिसत असते. ती आत अजून तयार होत असते, हे दिसत नाही.

निगा

रोज केरसुणीने झाडावे व आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावे. सोडा किंवा ॲसिड वापरू नये. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा जाजम उचलून खालची जमीन कोरडी करावी. जुन्या कोब्यातून वर येणारी ओल पाठीवर बुरशी आणते. वर्षातून एकदा सँडपेपर हलका फिरवून व्हार्निशाचा एक नवा थर द्यावा. एवढी काळजी घेतल्यास असे जाजम अनेक वर्षे टिकते.

ते घडी घालून कधीही ठेवू नये. रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीभोवती सैल गुंडाळावे. रंगाची बाजू आत राहिली तर थर दाबला जाऊन त्यास सुरकुत्या व भेगा पडतात. थंडीच्या दिवसांत उलगडण्यापूर्वी ते थोडा वेळ उन्हात ठेवावे, म्हणजे थर लवचीक होतो.

बदली होते, सेवा संपते आणि वसाहतीतील घर दुसऱ्याच्या नावे होते. मागे भिंतींवर खिळ्यांच्या खुणा तेवढ्या राहतात; नवे बिऱ्हाड त्यावर चुना फिरविते. ट्रकमध्ये पलंग, कपाट व भांडी चढविताना एका कडेला नळीभोवती गुंडाळलेले जाजमही सहज मावते. पुण्यात, नागपुरात किंवा जेथे कोठे नवे घर असेल तेथे दारापुढे ते पसरले, की ज्या ओसरीवर मुले चालावयास शिकली तिचा तेवढा तुकडा तरी कुटुंबाच्या मालकीचा राहिलेला असतो.